उरलेल्या सामानाची पिशवी : रिमोट स्टार्टर आणि अलार्मचं एक फसलेलं फिटिंग

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, फिरवायची चावी, चावीच्या मुठीत इमोबिलायझरची चिप (ती ओळखली नाही तर गाडी इंजिन चालू राहू देत नाही) आणि ६० अँपियर-तासांची बॅटरी. अशा गाडीत अलार्म आणि रिमोट स्टार्टर (चावी न लावता दुरून बटण दाबून इंजिन चालू करणारा) एकाच डब्यात असलेलं युनिट बसवलं होतं. फिटिंग दोन तासांच्या आत उरकलं होतं. असल्या गाडीत स्टिअरिंगखालची पॅनल उघडायची, तारा मोजायच्या, जोड सोल्डर करायचे आणि शेवटच्या चाचण्या घ्यायच्या, तर चार ते सहा तास जातात. दोन तासांत आटोपलं म्हणजे काहीतरी गाळलं असणार, प्रश्न फक्त काय गाळलं एवढाच.

तक्रारी पाच होत्या. रिमोटने चालू करताना कधीकधी सेल्फ सुटत नाही, इंजिन लागल्यावरही अर्धा सेकंद कर्कश घरघर होते. रात्री अलार्म विनाकारण वाजतो. गाडी नऊ दिवस उभी राहिली तर बॅटरी पार बसली. चावीने चालू करतानाही मधूनच इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो आणि चावी दुसऱ्यांदा फिरवावी लागते; हे आधी कधीच होत नव्हतं. आणि रिमोटने इंजिन चालू होतं, पण ब्लोअर फिरत नाही, म्हणजे बसण्याआधीच गाडी गार करायची, ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच होत नाही.

सहावा दोष तक्रारीत नव्हता. तोच सगळ्यांत वाईट होता.

पॅनल उघडायच्या आधी डिकीत स्टेपनीच्या खळग्यात एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली. युनिटच्या खोक्यातलं न वापरलेलं सामान त्यात गुंडाळून ठेवलं होतं: पाच पायांचा रिले (विजेने चालणारा स्विच) त्याच्या सॉकेटसकट, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे दोन छोटे डायोड, एक रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात तार घासू नये म्हणून लावायचं कडं), टॅकोमीटरच्या म्हणजे इंजिनाचे फेरे मोजायच्या तारेचं बांधलेलंच वेटोळं, आणि ‘ही गाडी रिमोटने कधीही चालू होऊ शकते’ असा बॉनेटखाली लावायचा स्टिकर. फिटिंग तपासणाऱ्याला याहून चांगला नकाशा मिळत नाही. कंपनी खोक्यात शोभेची वस्तू घालत नाही. उरलेल्या प्रत्येक वस्तूमागे एक गाळलेलं काम असतं. रिले उरला म्हणजे सेल्फ तोडायची सोय नाही. डायोड उरले म्हणजे दारांच्या तारा सरळ एकमेकींना पिळल्या. ग्रोमेट उरलं म्हणजे इंजिनाच्या बाजूची तार पत्र्याच्या उघड्या भोकातून गेली. वेटोळं उरलं म्हणजे इंजिन लागलं की नाही हे युनिट अंदाजाने ठरवतंय. यातला एकही अंदाज चुकला नाही.

बॅटरी कोण पीत होतं

सुरुवात गळतीपासून केली, कारण ती मोजता येते. बॉनेट उघडं ठेवून त्याची पिन दाबून बांधली, दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद केलं आणि गाडी रिमोटने लॉक केली. मग बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये मल्टीमीटर १० अँपियरच्या सॉकेटवरून घातला. केबल सोडण्याआधी टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये एक जाड तार धरून ठेवायची, मीटर जोडून झाला की ती काढायची. असं केलं तर सप्लाय क्षणभरही तुटत नाही आणि गाडीचे कॉम्प्युटर नव्याने जागे होत नाहीत. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. मीटरचा फ्यूज जागच्या जागी जातो.

पहिल्या मिनिटाला आकडा दोन अँपियरच्या वर होता. त्याला घाबरायचं कारण नाही. गाडीचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, वीस मिनिटं ते पाऊण तास. चाळीस मिनिटांनी आकडा ०.२१ अँपियरवर स्थिरावला. ०.०५ म्हणजे ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर चालतं, इथे चौपट होतं. हिशेब सरळ आहे: ०.२१ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ५ अँपियर-तास, नऊ दिवसांचे ४५. साठच्या बॅटरीतून ४५ गेले तर सेल्फला काय उरणार? आणि शहरातल्या तुटक फेऱ्यांमध्ये ती साठपर्यंत भरलेली तरी कुठे असते.

गाडीचे फ्यूज एकेक काढून पाहिले, आकडा फारसा हलला नाही. युनिटच्या सप्लायचा फ्यूज काढला तेव्हा मात्र मीटर एकदम २८ मिलिअँपियरवर आला. म्हणजे गाडीची स्वतःची गळती चोख होती. फ्यूज परत बसवून नवं सामान एकेक सोडवत गेलं, आणि ग्लोव्ह बॉक्सच्या मागे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या एका डबीचा कपलर काढल्यावर २१० चे ५० झाले. १६० मिलिअँपियर एकटी ती डबी पीत होती. अलार्म आणि त्याचा लुकलुकता दिवा मिळून राहिले २०-२२, ते ठीक आहे.

ती डबी म्हणजे इमोबिलायझरचा बायपास. चिपची चावी इग्निशनच्या कुलपाभोवतालच्या कड्याने वाचली जाते. चावी नसताना इंजिन लावायचं तर कड्याला कुठून तरी चिप दाखवावी लागते. जुन्या पद्धतीत गाडीची दुसरी चावी डबीत ठेवतात, कुलपाभोवती तारेचे काही वेढे घेतात, आणि डबीतला रिले ते वेढे आणि चावी यांचं वर्तुळ तेवढ्यापुरतं जोडतो. तेवढ्यापुरतं हा शब्द महत्त्वाचा. त्यासाठी युनिटची एक खास तार असते. रिमोटने चालू करताना इग्निशनच्या क्षणभर आधी ती अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोड) देते आणि इंजिन बंद झालं की सोडते.

इथे ती खास तार मोकळी कापलेली होती आणि रिलेची बाजू थेट बॉडीला लावलेली होती. रिले चोवीस तास ओढलेला. असं का केलं असावं, हे शेजारच्या तारेवरच्या टेपच्या खुणांवरून कळलं. आधी युनिटची दुसरीच एक तार वापरून पाहिली होती, जी इग्निशननंतर अर्थ देते. तिच्यावर चिप उशिरा दिसते, इंजिन लागतं आणि एक-दोन सेकंदांत मरतं. इमोबिलायझर नाराज असल्याची ही ठरलेली खूण. तार शोधण्याऐवजी कायमचा अर्थ दिला, इंजिन चालू राहिलं, काम झालं.

काम झालं खरं, पण कशाचं? आता कुलपाभोवती चिप सतत हजर. पात्याची नक्कल करून आणलेली चिप नसलेली चावीही गाडी चालू करू शकत होती, आणि ती करूनही पाहिली, झाली. चोरी रोखायला बसवलेल्या सामानाने गाडीचं कारखान्यातून आलेलं सर्वांत मजबूत कुलूप काढून ठेवलं होतं. वर डबीत चावी अख्खी, पात्यासकट. चौथ्या तक्रारीचं उत्तरही इथेच होतं: मालक आपली चावी लावतो तेव्हा कड्यासमोर एकाच वेळी दोन चिपा बोलायला लागतात आणि कधीकधी कड्याला एकही नीट ऐकू येत नाही.

या गाडीसाठी डेटा बायपास मिळत होता, जो गाडीच्याच तारांवरून इमोबिलायझरशी बोलतो आणि ज्यात चावी ठेवावी लागत नाही. म्हणून डबी काढूनच टाकली. डेटा बायपास मिळत नसता तर तीच डबी ठेवून योग्य तारेवर आणली असती, आणि चावीचं पातं कापून फक्त चिप आत ठेवली असती. दुसरी चावी मालकाच्या हातात परत गेली.

सेल्फ सुटत का नाही

इंजिन लागलं हे युनिटला दोन तऱ्हांनी कळतं. एक म्हणजे व्होल्टेज बघून: सेल्फ मारताना बॅटरी खाली जाते, अल्टरनेटर चार्ज करू लागला की वर येते, तो चढ दिसला की सेल्फ सोडायचा. यात तार जोडावी लागत नाही, म्हणून घाईच्या फिटरला ही फार आवडते. पण पुष्कळ गाड्यांत इंजिन लागल्याबरोबर अल्टरनेटर मुद्दाम सावकाश चार्ज सुरू करतो, इंजिनावर लगेच भार नको म्हणून. तेवढा वेळ युनिटला वाटतं की इंजिन लागलंच नाही. सेल्फचं दातेरी चाक फिरत्या फ्लायव्हीलवर घासत राहतं. उलटही होतं: बॅटरी अशक्त असेल तर व्होल्टेज हिंदकळतं आणि सेल्फ इंजिन लागायच्या आधीच सुटतो.

दुसरी तऱ्हा टॅकोच्या तारेची, म्हणजे इंजिनाचे फेरे प्रत्यक्ष मोजायची. पिशवीतलं वेटोळं सोडवून ते पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर नेलं. इंजेक्टरला दोन तारा असतात. एकीवर इग्निशन ऑन असताना कायम १२ व्होल्ट. ती सगळ्या इंजेक्टरना एकाच रंगाची असते, ती घ्यायची नाही. दुसरीला कॉम्प्युटर तुटक-तुटक अर्थ देतो, ती हवी. मीटर फ्रिक्वेन्सीवर ठेवून खात्री होते: क्रमाने उडणाऱ्या इंजेक्टरमध्ये प्रत्येकजण दोन फेऱ्यांत एकदा उडतो, म्हणून मिनिटाला ८०० फेऱ्यांवर ६.७ हर्ट्झच्या आसपास दिसायला हवं आणि २४०० फेऱ्यांवर २०. दोन्ही आकडे मिळाले. मग चावीने इंजिन चालू करून, आयडलवर स्थिर झाल्यावर युनिटला फेरे ‘शिकवले’. शिकण्याची बटणं प्रत्येक युनिटची वेगळी, माहितीपुस्तिकेत दिलेली असतात. ही पायरी विसरली तर तार जोडूनही युनिट व्होल्टेजवरच चालत राहतं. यानंतर वीस वेळा रिमोटने चालू केली, गरम आणि थंड दोन्ही. घरघर एकदाही नाही.

गिअरमध्ये सेल्फ

आता तक्रारीत नसलेला दोष. रिमोट स्टार्टर बसवलेल्या प्रत्येक गाडीची ही चाचणी व्हायलाच हवी, आणि ती नेमकी अशी आहे जी घाईत सगळ्यांत आधी सुटते, कारण ती घेतली नाही तर गाडी मजेत चालू होते.

सुरक्षित पद्धत अशी. सपाट, मोकळी जागा. चाकांना पुढून-मागून ठोकळे, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. सेल्फच्या सोलेनॉइडची (सेल्फला वीज जोडून देणाऱ्या विद्युतचुंबकाची) बारीक तार काढून ठेवली आणि तिच्या कपलरवर टेस्ट लॅम्प लावला. आता सेल्फ फिरूच शकत नाही, पण त्याला आज्ञा आली तर दिवा लागेल. चावी ऑनवर, ब्रेक दाबून गिअर ‘डी’मध्ये, चावी ऑफ, पाय ब्रेकवरून उचलला, दार लावलं, रिमोट दाबला.

दिवा लागला.

म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना युनिट सेल्फ मारणार होतं. ऑटोमॅटिक गाडीत पार्किंग-न्यूट्रलचा स्विच सेल्फच्या तारेत मध्येच असतो. गिअर पी किंवा एनवर नसेल तर चावी कितीही फिरवा, सोलेनॉइडपर्यंत वीज पोचत नाही. युनिटची सेल्फची तार इग्निशनच्या कपलरवर, म्हणजे या स्विचच्या अलीकडे जोडली असती, तर गाडीनेच रोखलं असतं. इथे ती इंजिनाच्या बाजूला, थेट सोलेनॉइडच्या तारेला टोचली होती. स्विच बाजूलाच राहिला. युनिटला स्वतःची अशी एक सुरक्षा-तार असते, जिला गिअर पी किंवा एनमध्ये असताना मिळणारा अर्थ पोचला तरच ते सेल्फ मारतं. ती तारही बॉडीला चिकटवलेली. दोन पहारेकरी, दोघांनाही सुट्टी.

मालकाच्या हे लक्षात येणं शक्य नव्हतं, कारण या गाडीत पीशिवाय चावी निघत नाही आणि रिमोट सहसा चावी खिशात असतानाच दाबला जातो. पण गिअरची केबल सैल झाली, किंवा चावी गाडीत ठेवून कोणी मुलाने गिअर हलवला आणि घरातून कोणी बटण दाबलं, की गाडी चालायला लागली असती.

सेल्फची तार सोलेनॉइडवरून काढली, टोचलेला भाग सोल्डर करून बंद केला. मग इग्निशनच्या कपलरमधल्या जाड तारा पहिल्यापासून मोजल्या. मीटरची काळी पिन उघड्या धातूला, लाल पिन तारेला, चावी एकेका खाचेवर. सगळीकडे १२ व्होल्ट ती कायम सप्लायची. ऑनवर १२ आणि सेल्फच्या वेळीही टिकते (दहा-अकरापर्यंत उतरेल, ते ठीक) ती खरी इग्निशन. ॲक्सेसरी आणि ऑनवर १२, पण सेल्फच्या वेळी शून्य, ती ॲक्सेसरी. फक्त ऑनवर १२ आणि सेल्फच्या वेळी शून्य, ती दुसरी इग्निशन. फक्त सेल्फच्या वेळी १२, ती स्टार्टची. रंगांवर विसंबायचं नाही, युनिटच्या तारांच्याही आणि गाडीच्या तर नाहीच. आणि इथे टेस्ट लॅम्प वापरायचा नाही; बल्बचा दिवा काही शे मिलिअँपियर खेचतो, डेटाच्या तारेला लागला तर कॉम्प्युटर जातो. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या आवरणाच्या तारा एअरबॅगच्या. त्यांना मीटरही लावायचा नाही.

पार्किंगचा सिग्नल गिअरच्या दांड्याजवळच्या कपलरमध्ये मिळाला: पी आणि एनमध्ये अर्थ, आर आणि डीमध्ये मोकळा. युनिटची सुरक्षा-तार तिथे गेली.

पिशवीतला रिले इथे कामी आला. त्याच्या पायांवर आकडे असतात: ३० आणि ८७ए एरवी जोडलेले, ८५-८६ मधून वीज गेली की ते तुटतात. स्टार्टची तार कापून चावीकडचं टोक ८७ए वर, सेल्फकडचं टोक ३० वर. ८६ ला खऱ्या इग्निशनवरून वीज, ८५ ला युनिटची अलार्म चालू असताना आणि रिमोटवर इंजिन चालताना अर्थ देणारी तार. युनिटची सेल्फची तार ३० च्या बाजूला. अलार्म लागलेला असताना कोणी चावी फिरवली तर सेल्फ मिळत नाही, आणि रिमोटवर इंजिन चालू असताना मालकाने सवयीने चावी पूर्ण फिरवली तरी सेल्फ पुन्हा लागत नाही. रिले कधी मेला तर संपर्क आपोआप जोडलेलाच राहतो, गाडी रस्त्यात अडकत नाही. एक चूक इथे नेहमी होते: ८६ ला इग्निशनऐवजी स्टार्टच्याच तारेवरून वीज दिली, तर रिमोटच्या वेळी ३० वरून ८७ए मार्गे वीज उलटी येते, रिले ओढतो, ओढल्याबरोबर त्याचीच वीज तुटते, पुन्हा सुटतो. डॅशबोर्डखालून टकटकटक ऐकू येतं आणि संपर्क जळतात.

चाचणी पुन्हा घेतली. आर, डी, दोन्हीत दिवा विझलेला. पी आणि एनमध्ये लागला. (मॅन्युअल गिअरच्या गाडीत असा स्विच सहसा नसतो. तिथे इंजिन चालू असतानाच हँडब्रेक ओढून, रिमोट दाबून, चावी काढून उतरायचं आणि सगळी दारं लागल्यावर युनिट इंजिन बंद करतं. त्यानंतर एकही दार उघडलं तर पुढचं रिमोट स्टार्ट रद्द. मॅन्युअल गाडीत ही सोय नसलेलं युनिट कोणी बसवून देत असेल तर काम तिथेच थांबवावं.)

निळ्या क्लिपा

वीज देणाऱ्या जोडांवर आता आलं. युनिटच्या दोन जाड लाल तारा, प्रत्येकीला ३० अँपियरचा फ्यूज, आणि दोन्ही एकाच मूळ तारेवर निळ्या टोचणाऱ्या क्लिपांनी बसवलेल्या. एक क्लिप उघडून पाहिली: पात्याने तारेचे पाच-सहा बारीक धागे तोडले होते, उरलेल्यांवर क्लिपचं पातं एका बाजूलाच टेकत होतं, आणि आतलं प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं. ब्लोअर फुल आणि दिवे लावून त्या जोडाच्या दोन बाजूंमध्ये मीटर धरला तर ०.९ व्होल्ट. एवढं व्होल्टेज जोडातच खर्च होतंय, म्हणजे तिथे उष्णता होतेय. या क्लिपा डिकीच्या दिव्याला ठीक असतील. सेल्फच्या वाटेवर त्यांना जागा नाही.

सगळ्या क्लिपा काढल्या. मूळ तारेचं आवरण सेंटिमीटरभर सोलायचं, धागे मधून दुभागायचे, नवी तार त्यातून ओवून दोन्ही बाजूंनी पिळायची, सोल्डर तारेत जिरू द्यायचं, गार झाल्यावर कापडी टेप. वर एक केबल टाय, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. एक लाल तार इग्निशनच्या सप्लायवर ठेवली, दुसरी चार चौरस मिलिमीटरच्या तारेने थेट बॅटरीवर नेली, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. ही तार पिशवीतल्या ग्रोमेटमधून गेली. आधीच्या उघड्या भोकात सायरनच्या तारेचं आवरण निम्मं घासलं गेलं होतं. युनिटची अर्थची काळी तार प्लॅस्टिक पॅनलच्या स्क्रूवरून काढून रंग खरवडलेल्या बॉडीच्या बोल्टवर रिंगने बसवली. त्याच ब्लोअर-दिव्यांच्या भारावर नव्या जोडावर ०.०४ व्होल्ट.

ब्लोअर न फिरण्याचं कारण दोन मिनिटांचं निघालं. दुसऱ्या इग्निशनची तार जोडलीच नव्हती. जोडली. एसीची बटणं हाताने फिरवायची असतील तर गाडी बंद करताना ब्लोअर चालू ठेवूनच उतरायचं, हे मालकाला सांगितलं.

रात्रीचा भोंगा

शेवटचा अलार्म कुठून वाजला ते बहुतेक युनिटं दिव्याच्या लुकलुकण्याच्या संख्येने सांगतात, पण कोणी मोजत नाही. मोजलं. एकदा धक्क्याचा सेन्सर, दोनदा बॉनेट.

बॉनेटची पिन पाण्याच्या पन्हळीत बसवली होती आणि बॉनेट लागल्यावर जेमतेम दोन मिलिमीटर दाबली जात होती. वाऱ्याने बॉनेट रबरावर थोडं हललं की पिन सुटते. याच पिनवर दुसरी जबाबदारीही असते: बॉनेट उघडं असताना रिमोटने इंजिन लागू नये, कारण तेव्हा कोणाचा तरी हात पंख्याजवळ असू शकतो. पिन सपाट, कोरड्या जागी हलवली, सहा ते आठ मिलिमीटर दाबली जाईल इतकी उंच केली, आणि पिशवीतला स्टिकर अखेर बॉनेटखाली लागला.

धक्क्याचा सेन्सर एसीच्या प्लॅस्टिकच्या नळीला बांधला होता आणि संवेदनशीलता टोकाला. प्लॅस्टिक प्रत्येक गुणगुण मोठी करून सांगतं. सेन्सर स्टिअरिंग कॉलमच्या धातूच्या पट्टीवर घट्ट बसवला, स्क्रू शून्यापासून हळूहळू वाढवत नेला: तळहाताने खांबावर थाप मारली तर फक्त इशारा, मुठीने मारली तर पूर्ण सायरन, शेजारून जड वाहन गेलं तर काहीच नाही. सायरनचं तोंड वर होतं, आत पाणी साचलं होतं. तोंड खाली केलं.

दारांचं शेवटी. पुढच्या दोन दारांच्या वेगळ्या तारा एकत्र पिळल्याने एक दार उघडलं तरी डॅशबोर्डवर दोन्ही उघडी दिसत. दोन १एन४००१ डायोड, प्रत्येक दारासाठी एक, पट्टीची बाजू दाराच्या तारेकडे. उलटे लावले तर अलार्मला दार कधीच दिसत नाही.

हस्तांतर

झोपल्यावरची गळती शेवटी पुन्हा मोजली, ५३ मिलिअँपियर. वरचे तीन नव्या डेटा बायपासचे, ते सोडून दिले. सोलेनॉइडची तार परत लावून ‘न चालू होण्याच्या’ चाचण्या खऱ्या सेल्फवर घेतल्या: बॉनेट उघडं, नाही; ब्रेक दाबलेला, नाही; चालू असताना ब्रेक दाबला, लगेच बंद; डीमध्ये पाय ब्रेकच्या वर अधांतरी ठेवून, नाही. चिप नसलेल्या चावीनेही नाही.

चालू राहण्याची वेळ वीस मिनिटांवरून दहावर आणली आणि स्टार्टसाठी बटण दोनदा दाबावं लागेल अशी सेटिंग केली, कारण खिशात एकदा दाबलं जाणं रोजचं आहे. बंदिस्त गॅरेजमध्ये गाडी लावत असाल तर रिमोट स्टार्ट तेवढ्या वेळापुरता बंदच ठेवायचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गॅरेजला लागून खोली असेल तर धूर तिकडे जातो. काही देशांत उभी, माणूस नसलेली गाडी चालू ठेवणं नियमातच बसत नाही, तेही बघावं. सर्व्हिसिंगला देताना व्हॅले स्विच चालू करायचा, म्हणजे रिमोट स्टार्ट आणि अलार्म दोन्ही गप्प राहतात. तो स्विच कुठे आहे हे मालकाला आधीच्या फिटिंगमध्ये सांगितलेलंच नव्हतं.

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवली: युनिटचे दोन फ्यूज कुठे, सेल्फचा रिले कुठे, टॅको कोणत्या इंजेक्टरवर, पार्किंगचा सिग्नल कोणत्या कपलरमधून, व्हॅले स्विच स्टिअरिंगखाली डावीकडे. पिशवीत आता काही उरलं नव्हतं, तिच्यात काढलेल्या निळ्या क्लिपा घालून ती मालकाला दिली.